सही, खिसा आणि ‘आपला माणूस’: सीमाभागात पद सांभाळताना

निवडून आल्यावर अंगावरचा गुलाल निघायला दोन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी घरी येतं, चहा घेतं, पावसापाण्याचं बोलतं आणि उठता उठता म्हणतं, ‘काही नाही ओ, एक सही तेवढी पाहिजे होती.’

हा लेख त्या तिसऱ्या दिवसासाठी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात मराठी माणूस आमदार-खासदार होण्याआधी ग्रामपंचायतीचा सदस्य, पतसंस्थेचा संचालक, शाळा सुधारणा समितीचा किंवा गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष होतो. बहुतेक जण तिथेच थांबतात. एक पंचवार्षिक ग्रामपंचायतीत, बरीच वर्षं एका पतसंस्थेत आणि त्याहून जास्त मंडळात काढल्यावर माझं मत असं झालंय, की सचोटी स्वभावावर सोडून चालत नाही. मी स्वभावाने भिडस्त. समोरच्याला नाही म्हणणं मला जमतच नाही. म्हणून आधीच काही नियम बांधून ठेवले आणि ‘नाही’ म्हणायचं काम त्या नियमांवर टाकलं. ते नियम इथे लिहितोय. त्यातले दोन-तीन चुका करून शिकलोय.

पद घेण्याआधीचा कागद

अर्ज भरायच्या आधी, नाहीतर पहिल्या बैठकीच्या आदल्या रात्री, दोन फुलस्केप घ्या. एकावर स्वतःचं लिहा: जमीन, घर, गाडी, सोनं, कर्ज, हातउसने आणि कोणाकोणाला जामीन राहिलात ते. जामीनकीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण तोच आपण विसरतो. दुसऱ्यावर पाव्हण्यांचं लिहा. मेहुण्याचा जेसीबी, चुलतभावाचं सिमेंटचं दुकान, साडूचं मंडप-डेकोरेशन, भाच्याने ग्रामपंचायतीत बिल कलेक्टरसाठी केलेला अर्ज. ज्याचं काम उद्या तुमच्या टेबलावर येऊ शकतं असं प्रत्येक नातं त्यात आलं पाहिजे.

हा दुसरा कागद पहिल्या बैठकीत सेक्रेटरीकडे द्या आणि पोच घ्या. लोक हसतील. माझ्यावरही हसले होते, ‘हे काय, लग्नाची यादी काढलीस काय?’ म्हणून. पण नंतर मेहुणा टेंडर घेऊन आला तेव्हा मला काही बोलावंच लागलं नाही. त्याचं नाव आधीच फाइलीत होतं आणि ते त्यालाही माहीत होतं.

कायदाही इथे कडक आहे. 1993 च्या कर्नाटक पंचायत राज कायद्याप्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात स्वतःचा वा भागीदारामार्फत वाटा असणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. ‘नाव बायकोचं आहे, माझं नाही’ ही पळवाट कागदावर कितपत टिकते ते वकील सांगेल. गावात मात्र ती एक दिवसही टिकत नाही.

सही: न वाचलेल्या भाषेतली

सीमाभागातल्या पुढाऱ्याची सगळ्यात मोठी परीक्षा इथे होते आणि बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शनात ती सापडायची नाही. आपण बोलतो मराठी, पंचायतीचं कामकाज लिहिलं जातं कन्नडमध्ये. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, नडावळीचं रजिस्टर पुढे सरकवतात, पानं फडफडतात, आपण सही करतो. काय लिहिलंय हे विचारायची लाज वाटते, कारण विचारलं तर कन्नड येत नाही हे उघडं पडतं.

माझी चूक सांगतो. पहिल्याच वर्षी एका ठरावात ‘कामगारी बिल’ असे शब्द कोणीतरी वाचून दाखवले. आपल्याकडे कामगार म्हणजे मजूर, तेव्हा मजुरांची मजुरी असेल म्हणून मी सही ठोकली. कन्नडमध्ये ‘कामगारी’ म्हणजे बांधकामाचं काम. ते एका गटाराचं शेवटचं बिल होतं आणि गटार निम्मंच झालं होतं. मी पैसे खाल्ले नव्हते. पण पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी शिरल्यावर ‘मला कळलं नव्हतं’ हे कोणाला सांगणार? सही माझी होती.

तेव्हापासून पाळतो ते असं.

आधी शब्द पाठ केले. ठरावाचं कन्नड मराठी माणसाला वाटतं तितकं परकं नाही. ठरावु, मंजूर, बाकी, जमा, खर्चु, रद्दु, अनुदान हे कानाला ओळखीचेच. जपायचं ते फसव्या शब्दांना. कामगारी म्हणजे बांधकाम हे आलंच. गुत्तिगे म्हणजे कंत्राट आणि गुत्तिगेदार म्हणजे कंत्राटदार. नडावळी म्हणजे सभेचं इतिवृत्त, हाजराती म्हणजे हजेरी. ‘सर्वानुमत’ दिसलं की थांबायचं, कारण तुम्ही विरोध केला असला तरी तो शब्द तुम्हाला होकारात ओढतो. आणि कन्नड आकडे शिका. दहाच आहेत, एका संध्याकाळी येतात. घाईच्या अक्षरात सहा आणि नऊ जवळजवळ सारखे दिसतात, एवढं ध्यानात ठेवा. साठ हजार आणि नव्वद हजार यांतला फरक त्या एका वळणात असतो.

मग सवय लावली. ठराव मोठ्याने वाचून घ्यायचा आणि मराठीत अर्थ विचारायचा, तोही ठराव लिहिणाऱ्याला नाही, बैठकीतल्या दुसऱ्या कोणाला तरी. गावात कन्नड माध्यमात शिकलेली पोरं आता घरोघरी आहेत. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करता येतं, पण हाताने लिहिलेल्या रजिस्टरवर त्याचा भरवसा धरू नये. सहीआधी ठरावाखालच्या मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारायची. सहीशेजारी तारीख आणि मराठीत तीन शब्द, ‘वाचून घेतले, समजले’. मग पानाचा फोटो. विरोध असेल तर ‘माझा विरोध नोंदवा’ म्हणायचं आणि तो नोंदवलेला दिसेपर्यंत उठायचं नाही.

कोऱ्या पानावर सही कधीच नाही. ‘नंतर लिहून घेतो, तुम्ही कशाला थांबताय’ हे वाक्य प्रेमाने येतं, त्यात कपट असेलच असं नाही. तरीही नाही. ‘उद्या सकाळी दहाला येऊन करतो’ म्हणा आणि खरंच दहाला जा. न गेलात तर लोक समजतात की तुम्ही अडवताय, आणि अडवणारा कशाला अडवतो याचा अर्थ ते आपल्या परीने लावतात.

कर्नाटकात पंचायतींत निम्म्या जागा महिलांना आहेत, म्हणून हेही इथेच. सदस्य वहिनी असतील आणि बैठकीच्या खुर्चीत दादा बसत असतील, तर वरचं सगळं वाया. वहिनी, सही तुमची आहे, जबाबदारीही तुमचीच लागणार. रजिस्टर घरी मागवून चुलीपाशी सही करणं पहिल्या महिन्यातच बंद करा. सहाव्या महिन्यात ते बंद होत नाही.

खिसा

पैशाचं सोपं आहे, म्हणून थोडक्यात. तरी एक गोष्ट अलीकडे फार बोकाळली आहे, ती आधी सांगतो. शिवजयंतीचा चित्ररथ असो, गणपती असो की गावची महालक्ष्मी यात्रा, वर्गणीसाठी आता क्यूआर कोड फिरतो. तो बघा कोणाच्या खात्याचा आहे. दहातल्या बऱ्याच मंडळांत तो खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा निघेल. खजिनदार देवमाणूस असेलही. पण त्याच खात्यातून त्याच्या गाडीचा हप्ता कापला जातो, मुलाची फी जाते आणि चार महिन्यांनी मंडळाचे किती आणि त्याचे किती हे त्यालाही सांगता येत नाही. मंडळ नोंदवा. कर्नाटकात त्यासाठी 1960 चा संस्था नोंदणी कायदा आहे. संस्थेच्या नावाने खातं काढा, तिघांतल्या दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सूचना बँकेला द्या आणि क्यूआर त्या खात्याचा घ्या.

यात्रेची गोष्ट वेगळी, कारण ती कितीतरी वर्षांनी एकदा येते आणि घरटी पट्टी, मुंबई-पुण्याला असलेल्यांच्या देणग्या, दुकानांचे लिलाव असा पैसा आठ-दहा दिवसांत पुरासारखा येतो. तिथे पावतीपुस्तकांवर आधी क्रमांक छापून घ्या आणि कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं याची वही ठेवा. न वापरलेली पुस्तकंही परत मोजून घ्यायची. घोळ भरलेल्या पावत्यांत नसतो, हरवलेल्या पुस्तकात असतो. रोज रात्री मोजणी, दोघांच्या सह्या, सकाळी बँक. एकाच माणसाकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, हे मोठ्या देणगीदाराला हात जोडून सांगा. यात्रा संपल्यावर महिन्याच्या आत देवळाच्या भिंतीवर हिशोब लावा. पूर्ण नसला तरी लावा आणि काय बाकी आहे ते लिहा.

सक्तीची वर्गणी? खडेबाजारातल्या दुकानदाराला दहा जणांनी घेराव घालून घेतलेले पाच हजार ही वर्गणी नव्हे. यावर जास्त लिहीत नाही.

आपला माणूस

परका लाच घेऊन आला तर त्याला हाकलायला धैर्य लागत नाही, रागच पुरतो. खरी अडचण मावशीची. तिच्या नातवाला कर्ज हवंय, कागद अपुरे आहेत, आणि लहानपणी तिच्या परसातले आंबे आपण खाल्लेले आहेत.

सहकार आपल्या मातीतला आहे. 1904 च्या कायद्यानंतर 1905 साली देशातली पहिली कृषी पतसंस्था निघाली ती गदगजवळच्या कणगिनहाळला, आपल्यापासून काही तासांवर. तिचा पाया ओळखीचा होता: गावातली माणसं एकमेकांना ओळखतात म्हणून कर्ज बुडत नाही. शंभर वर्षांनी तीच ओळख उलटी फिरली. ओळख आहे म्हणून तारण नको, ओळख आहे म्हणून वसुली नको. आपल्या भागातल्या बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात ठेवीदार म्हातारे बसलेले ज्यांनी बघितलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेची बंदी आहे, मोजके अपवाद सोडून. पतसंस्थांचे नियम संस्था कुठल्या कायद्याखाली आहे त्यावर बदलतात. 1959 चा सहकारी संस्था कायदा, 1997 चा सौहार्द कायदा आणि कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडे शाखा असलेल्यांसाठी 2002 चा बहुराज्य कायदा. आपली संस्था कशाखाली येते, हे संचालक झाल्या दिवशी विचारा. विचारणारे फार थोडे.

नियम काहीही असो, पद्धत एकच ठेवा. नातलगाचा अर्ज चर्चेला आला की सांगून बाहेर जायचं. खोलीत बसून गप्प राहणं चालत नाही, तुमचं गप्प बसणंच सगळ्यांना ऐकू येतं. इतिवृत्तात असं लिहून घ्या: ‘विषय सुरू होण्यापूर्वी श्री. अमुक यांनी अर्जदार आपले नातेवाईक असल्याचे सांगितले व ते सभागृहाबाहेर गेले. निर्णय झाल्यावर ते परत आले.’ बाहेर गेल्यावर फोनवरून सूचना देऊ नका. आणि मावशीला आदल्या दिवशीच घरी जाऊन सांगा, ‘मी त्या वेळी खोलीत नसणार, कागद पूर्ण असतील तर होईल.’ ती रुसेल. माझी दोन वर्षं रुसली होती.

घरच्यांनाही बसवून एकदा सांगा. तुमच्या नावावर कोणी काही घेतलं तर ते तुम्हीच घेतलं असं धरलं जातं. 2015 मध्ये कर्नाटकाच्या लोकायुक्तांनाच राजीनामा द्यावा लागला, तो मुलाला खंडणीच्या प्रकरणात अटक झाल्यावर. भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या खुर्चीची ही गत, मग पंचायतीच्या खुर्चीचं काय! मुलगा ‘आमच्या पप्पांना सांगतो’ म्हणत फिरतोय का, हे शेजाऱ्याला विचारा. घरच्यांना ते शेवटी कळतं.

‘आपसात मिटवा, त्यांना कशाला कळू द्यायचं?’

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. सीमाभागात चुकीवर घालायला एक पांघरूण तयार असतं. आपल्या संस्थेत अफरातफर झाली आणि कोणी तोंड उघडलं, की लगेच, ‘गप्प बस, मराठीची संस्था आहे, त्यांना आयतं कोलीत मिळेल.’ शाळेच्या इमारतीचा निधी कुठे गेला विचारलं, की विचारणारा फितूर. मीही तरुणपणी हे वाक्य वापरलंय आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

1956 च्या 17 जानेवारीला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, या मातीत माणसं गोळ्यांना बळी पडली. दरवर्षी आपण हुतात्म्यांना फुलं वाहतो. त्यांच्या नावाने जमवलेल्या पैशाचा हिशोब मागितला तर त्यात त्यांचा अपमान कसा होतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. उलट आपण अल्पसंख्य आहोत म्हणून आपले हिशोब जास्त लख्ख हवेत. ऑडिटरचा शेरा मराठी-कन्नड बघत नाही आणि ठेवीदाराची बुडालेली ठेवही बघत नाही.

यात करायच्या गोष्टी मोजक्या आहेत, पण जड आहेत.

दोन भाषांत एकच बोला. मराठी सभेत एक आणि डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात कन्नडमध्ये दुसरं, हे आपल्याकडच्या पुढाऱ्यांचं जुनं दुखणं. मी एक चाचणी लावतो: आता जे बोललो ते कोणी रेकॉर्ड करून दुसऱ्या भाषेतल्या शेजाऱ्याला ऐकवलं तर मान खाली जाईल का? जात असेल तर ते वाक्य दोन्हीकडे बोलायचं नाही. आपल्या वॉर्डात कन्नड बोलणारी घरं आहेतच. त्यांच्या नळाला पाणी येत नसेल तर ते तुमचंच काम आहे, आणि ते त्यांच्या भाषेत विचारायला गेलात तर तुमचा मराठी बाणा झिजत नाही.

दाखले जपून द्या. महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांतल्या मुलांसाठी तिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत काही जागा राखीव असतात. रहिवासाचं पत्र मागायला जून-जुलैत पालक येतात. बाहेरगावच्या ओळखीच्या मुलाला ‘इथलाच आहे’ म्हणून पत्र दिलंत, तर एक जागा जाते ती आपल्याच कुठल्यातरी कडोलीच्या नाहीतर नंदगडच्या पोराची. तो तुमच्याकडे भांडायला येत नाही, कारण त्याला कळतच नाही. पत्रांची जावक नोंदवही ठेवा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडा, घर बघितल्याशिवाय सही नाही.

आणि आपल्या माणसाची चूक आधी आपल्या सभेत मांडा. लेखी, तारखेसह, उत्तराला पंधरा दिवस देऊन. उत्तर आलं नाही तर सहकार खात्याकडे किंवा लोकायुक्तांकडे जा, आणि जाताना सभेला सांगून जा. पाठीमागून निनावी पत्रं टाकणं ही सचोटी नव्हे. त्याला आमच्याकडे काडी घालणं म्हणतात.

लाच मागितली, किंवा तुमच्याकडून अपेक्षा केली तर

लोक तुमच्याकडे उतारा, दाखला, पेन्शन घेऊन येतील. यातली बरीच कामं 2011 च्या सकाल कायद्याखाली ठरलेल्या दिवसांत व्हायलाच हवीत. अर्ज दिल्यावर मिळणाऱ्या पोचेवर एक क्रमांक असतो, तो लिहून ठेवायला शिकवा. निम्म्या वेळा तुमच्या फोनची गरजच पडणार नाही. जे हक्काने मिळतं ते ‘मी करून दिलं’ असं सांगणं हीसुद्धा एक चोरीच, पैशाची नसली तरी.

2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच तो सुटतो. म्हणून ‘देऊन टाक, काम होऊ दे’ असा सल्ला कधी देऊ नका. कर्नाटकात एसीबी, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, 2022 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, अधिकार पुन्हा लोकायुक्तांकडे आले. तक्रार ठराविक नमुन्यात आणि प्रतिज्ञापत्रासह द्यावी लागते. आणखी एक, जे पुष्कळ संचालकांना माहीत नसतं: सरकारी मदत घेतलेल्या शेती, व्यापार, उद्योग किंवा बँकिंगमधल्या सहकारी संस्थेचे पदाधिकारीही लाचलुचपत कायद्यात लोकसेवक धरले जातात. ‘आम्ही काय सरकारी नोकर?’ हे तिथे चालत नाही.

भेटवस्तूंचं मी सोपं ठेवलंय. खाऊन संपेल ते सगळ्यांसमोर फोडायचं आणि ऑफिसात वाटायचं. टिकणारं असेल ते परत. दिवाळीचा कुंदा आला तर शिपायासकट सगळे खातात. चांदीचा गणपती आला तर त्याच गाडीतून माघारी.

चूक झाली तर

होईल. माझ्या गटाराच्या बिलाबद्दल मी पुढच्या ग्रामसभेत उभा राहून सांगितलं, की सही न वाचता केली. शिव्या खाल्ल्या. पण नंतर काम पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करायला तोंड राहिलं. कळल्यावर पहिल्या सभेतच सांगावं, आणि सांगताना पीडीओवर, कंत्राटदारावर, भाषेवर ढकलू नये.

राजीनामा कधी? आपल्याकडे रामशास्त्री बाणा म्हणतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री पुणं सोडून गेले. ते प्रत्येकाला जमणारं नाही आणि दर बैठकीत राजीनामा फेकणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊ नये. मला जवळचं वाटतं ते रामकृष्ण हेगड्यांचं उदाहरण. लोकायुक्त कायदा 1984 मध्ये त्यांच्याच सरकारने आणला आणि 1988 मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून मुख्यमंत्रिपद सोडलं तेही त्यांनीच. माणूस निर्मळ होता की नाही यावर वाद घाला. माझ्यापुरता अर्थ एवढाच: चौकशी आपल्याच खुर्चीची असेल तर ती होईपर्यंत खुर्ची रिकामी करावी. पतसंस्थेत तर नक्कीच, कारण कागद त्याच कपाटात असतात.

जाताना

मुदत संपली की लोक हार घालून घेतात आणि चाव्या खिशात घेऊन घरी जातात. यादी करा. दप्तर, चेकबुक, शिक्के, कपाटाच्या चाव्या, बँकेला दिलेला मोबाइल नंबर, व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद, चालू असलेल्या तक्रारींच्या प्रती. नव्या माणसासमोर एकेक मोजून द्या आणि सही घ्या, मग तो तुमच्या विरोधी गटाचा का असेना. तो विरोधी गटाचा असेल तर दोन सह्या घ्या.

मंडळ सोडलं त्या दिवसाची पावती माझ्याकडे अजून आहे, नव्या अध्यक्षाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: चाव्या 4, शिक्के 2, पावतीपुस्तकं 11 (त्यांतली 3 कोरी), रोख 340 रुपये, मिळाले. खाली त्याने स्वतःहून लिहिलंय, ‘मोजून घेतले, समजले’.